राइट क्लिकच्या मेनूतला ऑप्शन परत परत येतो? तो पुसू नका, अडवा

तक्रार साधारण अशी असते. फाइलवर राइट क्लिक केलं की वीतभर मेनू उघडतो. झिप करा, व्हायरस तपासा, क्लाउडवर चढवा, या प्लेअरमध्ये वाजवा, त्या प्लेअरच्या यादीत टाका. कामाचे असतात ते कॉपी, रिनेम, प्रिंट आणि डिलीट, आणि तेच या गर्दीत शोधावे लागतात. मग कुणीतरी रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जचा साठा, उघडून त्यातली नको असलेली की, म्हणजे फोल्डरसारखी नोंद, डिलीट करतं. मेनू सुटसुटीत होतो. काही दिवसांनी तो प्रोग्रॅम अपडेट झाला की ऑप्शन जिथल्या तिथे हजर. पुन्हा डिलीट करा, पुढच्या अपडेटला पुन्हा तेच.

डीटीपीची दुकानं, महा ई सेवा केंद्रं, शाळांच्या लॅब अशा ठिकाणचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. दिवसभर हाच मेनू उघडणाऱ्या माणसाला त्यातली एक फालतू ओळसुद्धा जाचते. त्यात मेनू उघडायलाच तीन-चार सेकंद लागत असतील तर काम करणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. म्हणून हा विषय मी किरकोळ समजत नाही.

खाली लिहिलेलं विंडोज १० आणि ११ दोन्हींना लागू आहे. फरक आहे तिथे तसं सांगितलंय. रजिस्ट्रीतली नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजीत लिहा, आणि जी मी जोडून लिहिली आहेत त्यांत मध्ये जागा सोडू नका.

परत का येतो

मेनूतले ऑप्शन दोन जातींचे असतात. पहिली जात साधी. रजिस्ट्रीत शेल नावाच्या कीखाली एक की, तिच्यात मेनूत दिसायचं नाव, आणि तिच्या पोटात कमांड नावाची की, जिच्यात कुठला प्रोग्रॅम चालवायचा ते लिहिलेलं. बस, एवढंच.

दुसरी जात म्हणजे शेल एक्स्टेन्शन. इथे प्रोग्रॅम आपली एक डीएलएल फाइल, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत चालणारा कोड, विंडोजच्या हवाली करतो. तुम्ही राइट क्लिक केलं की एक्सप्लोरर, म्हणजे फोल्डर आणि टास्कबार दाखवणारा विंडोजचा प्रोग्रॅम, ती डीएलएल स्वतःमध्ये लोड करतो आणि तिला विचारतो, की या फाइलसाठी तुला मेनूत काय दाखवायचंय. तिने उत्तर दिल्याशिवाय मेनू उघडत नाही. झिपचे प्रोग्रॅम, अँटिव्हायरस, क्लाउड ड्राइव्ह, ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर हे बहुधा या दुसऱ्या जातीचे. त्यांच्या नोंदी शेलएक्स या कीखाली, कॉन्टेक्स्टमेनूहँडलर्स मध्ये असतात.

दोन्ही प्रकारच्या नोंदी लिहितो तो इन्स्टॉलर. आणि अपडेट म्हणजे बहुतेक वेळा तोच इन्स्टॉलर पुन्हा चालणं. त्याच्याकडे लिहायच्या नोंदींची ठरलेली यादी असते. त्यातली एखादी सापडली नाही तर तुम्ही ती मुद्दाम काढलीत हे त्याला कळायचा काही मार्ग नाही, तो ती परत लिहून मोकळा होतो. काही जण की तशीच ठेवून तिच्यातल्या आयडीच्या, म्हणजे एक्स्टेन्शनच्या ओळखक्रमांकाच्या, आधी एक उणे चिन्ह टाकतात. ऑप्शन जातो खरा, पण ती व्हॅल्यूही, म्हणजे कीमध्ये लिहिलेली माहितीही, इन्स्टॉलरच्या यादीतलीच, त्यामुळे अपडेटनंतर तीही मूळपदावर येते.

तेव्हा आपली दुरुस्ती अशा जागी करायची, जिथे इन्स्टॉलर फिरकत नाही. विंडोजमध्ये तशा जागा आहेत.

रजिस्ट्रीच्या आधी

प्रोग्रॅमच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये एकदा बघून या. ही पायरी लोक सर्रास टाळतात. सेव्हन-झिपमध्ये टूल्स, मग ऑप्शन्समध्ये गेलात की मेनूत कुठले ऑप्शन हवेत त्यांची टिक करायची यादीच मिळते, आणि सगळे एका उपमेनूत गोळा करायची सोयही तिथेच आहे. विनरारमध्ये सेटिंग्जच्या इंटिग्रेशन या टॅबवर हेच मिळतं. इथे काढलेली टिक प्रोग्रॅम स्वतः लक्षात ठेवतो, आणि हा सगळ्यात स्वच्छ उपाय आहे. प्रोग्रॅममध्ये अशी सोयच नसेल तर पुढे चला.

रजिस्ट्रीत शिरण्याआधी बॅकअप घ्या. विंडोज-आर दाबून रेजएडिट लिहा, ज्या कीमध्ये बदल करणार आहात तिच्यावर राइट क्लिक करून एक्स्पोर्ट करा आणि ती फाइल तारखेच्या नावाने ठेवा. एक बारकावा मात्र पक्का ध्यानात असू द्या. ही फाइल डबल क्लिक करून परत आणली तर तुम्ही पुसलेलं परत येतं, पण तुम्ही नव्याने घातलेलं जात नाही. एक्स्पोर्टची फाइल जुनं चित्र जसंच्या तसं उभं करत नाही, ती फक्त आपल्यातल्या नोंदी आहे त्यात मिसळते. घातलेलं काढायचं असेल तर ते हातानेच काढावं लागतं. म्हणून पहिल्यांदाच करत असाल तर सिस्टिम रिस्टोअर पॉइंटही करून ठेवा.

आणि रजिस्ट्री "साफ" करून देणारे क्लीनर प्रोग्रॅम या कामासाठी वापरू नका. कुठली नोंद कुणाची आहे हे न बघता ते शेकडो नोंदी उडवतात, आणि मग काय बिघडलं ते शोधायला धागाच उरत नाही.

शेल एक्स्टेन्शन अडवायची रीत

ऑप्शन नेमका कुठे दिसतो यावरून त्याची की सापडते. कुठल्याही फाइलवर दिसत असेल तर एचकी क्लासेस रूटमधल्या फुलीच्या चिन्हाच्या, म्हणजे * या कीखाली. फाइल आणि फोल्डर दोन्हींवर दिसत असेल तर ऑलफाइलसिस्टिमऑब्जेक्ट्स. फक्त फोल्डरवर असेल तर डिरेक्टरी किंवा फोल्डर. फोल्डरमधल्या किंवा डेस्कटॉपवरच्या मोकळ्या जागेत दिसत असेल तर डिरेक्टरी \ बॅकग्राउंड. फक्त पेन ड्राइव्ह किंवा सी-डी-ई अशा ड्राइव्हवर दिसत असेल तर ड्राइव्ह. विंडोज १० च्या २०१७ मधल्या व्हर्जन १७०३ पासून रजिस्ट्री एडिटरला वर ॲड्रेस बार आहे, तिथे पत्ता लिहून एंटर मारलं की थेट जाता येतं.

त्या कीखाली शेलएक्स \ कॉन्टेक्स्टमेनूहँडलर्स उघडा. आत एकेका प्रोग्रॅमच्या नावाची की दिसेल. तिच्यावर क्लिक केल्यावर उजवीकडे डिफॉल्ट या व्हॅल्यूत महिरपी कंसातला एक लांबलचक आयडी असतो. कधीकधी कीचं नावच तो आयडी असतो. कुणाचा आहे हे नावावरून कळत नसेल तर तोच आयडी एचकी क्लासेस रूट \ सीएलएसआयडी या कीखाली शोधा आणि त्याच्या आतली इनप्रॉकसर्व्हर३२ ही की उघडा. तिथे डीएलएल फाइलचा पूर्ण पत्ता असतो, आणि पत्त्यातल्या फोल्डरच्या नावावरून मालक समजतो.

आता तो आयडी कंसांसकट कॉपी करा. हाताने टाइप करायच्या भरीला पडू नका, एक अक्षर चुकलं तरी काहीही होत नाही आणि का होत नाही हेही कळत नाही. मग या पत्त्यावर जा: एचकी लोकल मशीन \ सॉफ्टवेअर \ मायक्रोसॉफ्ट \ विंडोज \ करंटव्हर्जन \ शेल एक्स्टेन्शन्स. इथे शेल आणि एक्स्टेन्शन्स या दोन शब्दांत जागा आहे. त्याखाली ब्लॉक्ड नावाची की नसेल तर तयार करा. ब्लॉक्डमध्ये नवी स्ट्रिंग, म्हणजे मजकुराची, व्हॅल्यू करा आणि तिचं नाव म्हणून तो आयडी पेस्ट करा. व्हॅल्यूचा मजकूर रिकामा चालतो, पण मी तिथे प्रोग्रॅमचं नाव आणि तारीख लिहितो. वर्षभराने दुसरा कुणी ते मशीन उघडून बसला तर त्याला ही व्हॅल्यू कशाची आहे ते लगेच कळतं.

टास्क मॅनेजरमध्ये विंडोज एक्सप्लोरर निवडून रीस्टार्ट करा. ऑप्शन गेलेला असेल. पुढे प्रोग्रॅमने कितीदाही अपडेट होऊन आपली की परत लिहिली तरी फरक पडत नाही, कारण मेनू तयार करताना एक्सप्लोरर ब्लॉक्डची यादी बघतो आणि त्यातला आयडी असेल तर ती डीएलएल लोडच करत नाही. अडवणं नको असेल तेव्हा ही एक व्हॅल्यू डिलीट केली की सगळं पूर्ववत.

दोन गोष्टी सांभाळा. एक, ही यादी लोकल मशीनमध्ये असल्यामुळे त्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या यूजरना लागू होते आणि ती बदलायला ॲडमिनचे अधिकार लागतात. दोन, त्याच आयडीवर त्या प्रोग्रॅमचं दुसरं एखादं काम चालत असेल, जसं प्रॉपर्टीजमधला एखादा टॅब, तर तेही बंद होतं. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या एक्स्टेन्शनला, ते काय करतं हे माहीत असल्याशिवाय हात लावू नका.

साध्या जातीचे ऑप्शन

हे शेल या कीखाली थेट दिसतात. ज्या ऑप्शनला गप्प बसवायचंय त्याच्या कीमध्ये लेगसीडिसेबल या नावाची रिकामी स्ट्रिंग व्हॅल्यू करा. की जागेवर राहते, ऑप्शन मेनूत दिसत नाही. अपडेट आला तरी इन्स्टॉलर आपल्या दोन-तीन व्हॅल्यू पुन्हा लिहितो, शेजारची आपली व्हॅल्यू त्याच्या यादीत नसते, म्हणून ती बहुधा टिकते. बहुधा अशासाठी म्हटलं, की काही प्रोग्रॅम अपडेट करताना आधी जुनं सगळं अनइन्स्टॉल करतात. तेव्हा अख्खी की जाते आणि तिच्याबरोबर आपली व्हॅल्यूही. अशा प्रोग्रॅमसाठी ती की एक्स्पोर्ट करून ठेवा, त्या फाइलमध्ये की आणि लेगसीडिसेबलची ओळ एवढंच राहू द्या, आणि अपडेटनंतर फाइलवर एक डबल क्लिक करा.

सामायिक कॉम्प्युटरवर मला लेगसीडिसेबलपेक्षा एक्स्टेन्डेड ही व्हॅल्यू जास्त आवडते. तीही रिकामी स्ट्रिंगच. तिने ऑप्शन पूर्ण जात नाही, फक्त शिफ्ट दाबून राइट क्लिक केल्यावरच दिसतो. रोजच्या माणसाला मोकळा मेनू मिळतो आणि ज्याला क्वचित लागतो त्याचंही अडत नाही. शाळेच्या लॅबमध्ये मुलांच्या हातून नको तो ऑप्शन दाबला जाऊ नये म्हणून हे फार कामाला येतं.

सेंड टू हा उपमेनू रजिस्ट्रीत शोधू नका. तो एक साधा फोल्डर आहे. विंडोज-आर दाबून शेल:सेंडटू लिहिलं की उघडतो, आणि त्यातले नको ते शॉर्टकट काढले की झालं.

मेनू उघडायला वेळ लागतो किंवा एक्सप्लोरर पडतो

इथे दोषी जवळपास नेहमी दुसऱ्या जातीचा, म्हणजे कुठलीतरी डीएलएल. ती सर्व्हरला काहीतरी विचारत बसते, बंद असलेल्या नेटवर्क ड्राइव्हची वाट बघते, किंवा नव्या विंडोजबरोबर तिचं पटत नाही. कॉम्प्युटर सुरू केल्यानंतरचं पहिलं राइट क्लिक थोडं संथ असणं हे साहजिक आहे, तेव्हा सगळ्या डीएलएल पहिल्यांदा लोड होतात. दुसऱ्या-तिसऱ्या वेळीही तसंच होत असेल तर मात्र शोधायला हवं.

आधी जागा ठरवा. डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेत मेनू अडकतो पण फाइलवर झटकन उघडतो, असं असेल तर डिरेक्टरी \ बॅकग्राउंड एवढंच तपासायचं. तिथे फार तर चार-सहा नावं असतात, आणि ग्राफिक्स ड्रायव्हरची जुनी नोंद हा नेहमीचा संशयित. फाइलवर अडकतो पण मोकळ्या जागेत नाही, तर फुलीची की आणि ऑलफाइलसिस्टिमऑब्जेक्ट्स. एकाच प्रकारच्या फाइलवर अडकत असेल, समजा फक्त व्हिडिओवर, तर त्या प्रकारच्या फाइलशी जोडलेला प्रोग्रॅम. एवढ्यानेच निम्मं काम होतं.

तरीही सापडत नसेल तर निरसॉफ्टचं शेलएक्सव्ह्यू हे छोटं, फुकट मिळणारं टूल घ्या. विंडोज ६४ बिट असेल तर टूलही ६४ बिटच घ्या. ते मशीनवरची सगळी एक्स्टेन्शन दाखवतं आणि मायक्रोसॉफ्टची नसलेली गुलाबी रंगात येतात. गुलाबींपैकी अर्धी निवडून एफ७ ने बंद करा, एक्सप्लोरर रीस्टार्ट करा, मेनू उघडून बघा. वेग आला तर दोषी त्या अर्ध्यात, नाही आला तर उरलेल्या अर्ध्यात. एफ८ ने परत चालू करत, दरवेळी अर्धं-अर्धं करत गेलात की बत्तीस एक्स्टेन्शनमधलं एक पाच फेऱ्यांत हाती लागतं. एकेक बंद करून बघणाऱ्यांची दुपार जाते आणि शेवटी ते विंडोज पुन्हा टाकायच्या गोष्टी करू लागतात. त्याची गरज नसते.

राइट क्लिक करताच टास्कबार नाहीसा होऊन परत येत असेल, म्हणजे एक्सप्लोररच पडत असेल, तर अर्ध्या-अर्ध्याचीही गरज नाही. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये ॲप्लिकेशन, आणि त्या वेळेची १००० क्रमांकाची लाल नोंद. तिच्यात फॉल्टिंग मॉड्यूल नेम या शब्दांपुढे फाइलचं नाव असतं. एखाद्या बाहेरच्या प्रोग्रॅमची डीएलएल तिथे दिसली तर चोर सापडला. आधी त्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती टाकून बघा, आणि तरीही पडत असेल तर वरच्या रीतीने ब्लॉक्डमध्ये घाला.

विंडोज ११ चा दुमडलेला मेनू

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि त्या सुमाराला बऱ्याच दुकानांनी मशीन ११ वर नेली. नेल्यानंतरची तक्रार ठरलेली: "माझे ऑप्शन कुठे गेले?" ते गेलेले नसतात, शो मोअर ऑप्शन्सच्या आत असतात. ११ च्या नव्या मेनूत त्याच प्रोग्रॅमना जागा मिळते जे नव्या पद्धतीने, पॅकेजची ओळख घेऊन नोंदवले आहेत. रजिस्ट्रीत हाताने घातलेला ऑप्शन कितीही अचूक असला तरी नव्या मेनूत येत नाही, तो जुन्यातच दिसतो. हे माहीत नसल्यामुळे लोक बरोबर केलेलं काम चुकलं समजून पुसतात.

शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की जुना मेनू थेट उघडतो. फाइल निवडून शिफ्ट-एफ१० दाबलं तरी तेच. अधूनमधून लागणाऱ्याला एवढं पुरे.

दिवसभर लागणाऱ्याला जुना मेनूच कायम हवा असेल तर एचकी करंट यूजर \ सॉफ्टवेअर \ क्लासेस \ सीएलएसआयडी इथे जाऊन महिरपी कंसात या आयडीची की करा: ८६ सी ए १ ए ए ० – ३४ ए ए – ४ ई ८ बी – ए ५०९ – ५० सी ९०५ बी ए ई २ ए २. अक्षरं इंग्रजी, गटांमध्ये फक्त आडवी रेघ, मोकळी जागा कुठेही नाही. तिच्या पोटात इनप्रॉकसर्व्हर३२ ही की. आता गोम इथे आहे. या कीमधल्या डिफॉल्टपुढे व्हॅल्यू नॉट सेट असं दिसतं, आणि तसंच सोडलं तर काहीच बदलत नाही. डिफॉल्टवर डबल क्लिक करा, काहीही न लिहिता ओके दाबा. ते शब्द जाऊन जागा कोरी दिसायला लागली म्हणजे व्हॅल्यू "रिकामी" झाली. "नाही" आणि "रिकामी" यांत रजिस्ट्री फरक करते. मग एक्सप्लोरर रीस्टार्ट करा. नवा मेनू परत हवा असेल तर ही आयडीची की डिलीट करा. वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या अपडेटनंतर ती जागेवर आहे ना, हे बघून घ्या.

प्रिंट हा ऑप्शन अचानक नाहीसा होतो

ही तक्रार सेवा केंद्रांत हमखास येते. एका केंद्रातल्या ताईंनी ती अगदी नेमकी सांगितली होती: "दादा, दहा सातबारे निवडले तर प्रिंट येतं, वीस निवडले की जातं. प्रिंटर बिघडलाय का बघा ना." प्रिंटरचा इथे संबंध नाही. १५ पेक्षा जास्त फाइल निवडल्या की विंडोज ओपन, प्रिंट, एडिट हे ऑप्शन मेनूतून काढून घेतं, चुकून शंभर फाइल एकदम उघडून मशीन लटकू नये म्हणून.

मर्यादा वाढवता येते. एचकी करंट यूजर \ सॉफ्टवेअर \ मायक्रोसॉफ्ट \ विंडोज \ करंटव्हर्जन \ एक्सप्लोरर इथे मल्टिपलइन्व्होकप्रॉम्प्टमिनिमम नावाची डीवर्ड, म्हणजे आकड्याची, व्हॅल्यू करा. आकडा लिहायच्या आधी शेजारचं हेक्साडेसिमल बदलून डेसिमल निवडा, मग १०० लिहा. हेक्साडेसिमलमध्येच १०० लिहिलंत तर त्याचा अर्थ २५६ होतो, आणि एखाद्या दिवशी कंट्रोल-ए नंतर चुकून एंटर दाबला गेला की मशीन हातचं जातं. साध्या सेवा केंद्रासाठी ४०-५० सुद्धा भरपूर आहे. एक्सप्लोरर रीस्टार्ट केल्यावर फरक दिसतो.

एकाच पीडीएफवर राइट क्लिक केलं तरी प्रिंट दिसत नसेल तर मामला वेगळा. पीडीएफ उघडायला एजसारखा ब्राउझर ठरवलेला असतो आणि त्याने प्रिंटची नोंद केलेली नसते. सेटिंग्जमधल्या डिफॉल्ट ॲप्समध्ये जाऊन एखादा खरा पीडीएफ रीडर निवडा, प्रिंट परत येतं. हा बदल रजिस्ट्रीतून करायला जाऊ नका. डिफॉल्ट ॲपच्या नोंदीला विंडोजने कुलूप लावल्यासारखं केलंय, हाताने बदललेली नोंद ते मानत नाही.

स्वतःचा ऑप्शन, मराठीत

कुठलीही फाइल नोटपॅडमध्ये उघडायचा ऑप्शन हवा आहे असं धरू. पोर्टलवरून उतरवलेल्या, नावाच्या शेवटी टिंबापुढे भलतीच अक्षरं असलेल्या फाइल आत डोकावून बघायला तो बरा पडतो. एचकी करंट यूजर \ सॉफ्टवेअर \ क्लासेस \ * \ शेल इथे एक की करा. फुलीची की नसेल तर तीही करावी लागेल. करंट यूजरमध्येच करायचं, कारण तिथे ॲडमिनचे अधिकार लागत नाहीत आणि चुकलं तरी दुसऱ्या यूजरला झळ लागत नाही. कीचं नाव इंग्रजीत साधं ठेवा, आणि तिच्या डिफॉल्टमध्ये मेनूत दिसायचं नाव लिहा: नोटपॅडमध्ये उघडा. हो, मराठीत, देवनागरीत. मेनू ते व्यवस्थित दाखवतो. आत कमांड ही की, आणि तिच्या डिफॉल्टमध्ये नोटपॅड डॉट ईएक्सई, एक जागा, आणि दुहेरी अवतरणात %१, म्हणजे टक्क्याचं चिन्ह आणि इंग्रजी एकचा आकडा.

ती अवतरणचिन्हं गाळू नका. फाइलच्या नावात जागा असेल तर त्यांच्याशिवाय बरेचसे प्रोग्रॅम नावाचे तुकडे करतात आणि फाइल सापडत नाही म्हणून सांगतात. ऑप्शन फोल्डरच्या मोकळ्या जागेसाठी करत असाल तर %१ चालत नाही, तिथे टक्क्यापुढे इंग्रजी व्ही लागतो.

हाच ऑप्शन दहा मशीनवर न्यायचा तर रेज फाइल, म्हणजे एक्स्पोर्टने मिळते तशी रजिस्ट्रीच्या नोंदींची फाइल, करावी लागते, आणि मराठी नाव नेमकं इथे दगा देतं. फाइल डबल क्लिक केली, यशस्वी झाल्याचा निरोप आला, आणि मेनूत मराठीऐवजी अगम्य अक्षरांची माळ. कारण असं: विंडोज १० च्या २०१९ मधल्या व्हर्जन १९०३ पासून नोटपॅड नवी फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीत, सेव्ह करतं, आणि रजिस्ट्री एडिटर तशी फाइल युनिकोड म्हणून न वाचता जुन्या पद्धतीने वाचतो. इंग्रजी मजकुरात हा घोळ दिसत नाही, देवनागरीत लगेच उघडा पडतो. सेव्ह ॲज करताना खालच्या एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-१६ एलई निवडा. त्याहून सोपं म्हणजे एका मशीनवर ऑप्शन हाताने करा, ती की एक्स्पोर्ट करा आणि तीच फाइल सगळीकडे न्या. एक्स्पोर्ट केलेली फाइल मुळातच योग्य एन्कोडिंगमध्ये असते आणि नंतर नोटपॅडमध्ये थोडी बदलली तरी तशीच राहते. हाताने लिहिणार असाल तर पत्त्यातली प्रत्येक तिरपी रेघ कमांडच्या ओळीत दोनदा लिहावी लागते, तेही विसरू नका.

फोल्डरसाठी ऑप्शन घातल्यावर एक विचित्र बिघाड कधीकधी होतो. फोल्डरवर डबल क्लिक केलं की फोल्डर उघडायच्या ऐवजी तुमचा नवा ऑप्शनच चालतो. व्हायरस आला म्हणून घाबरून मशीन दुकानात आणणारे लोक मी पाहिलेत. झालेलं एवढंच असतं, की मेनूतलं नाव आपल्या कीमध्ये लिहायच्या ऐवजी एक पायरी वर, डिरेक्टरी \ शेल याच कीच्या डिफॉल्टमध्ये लिहिलं गेलं. ती व्हॅल्यू मेनूतल्या नावासाठी नाही, डबल क्लिकवर काय चालवायचं हे ती ठरवते. तिथे एन-ओ-एन-ई हा चार अक्षरांचा शब्द असायला हवा. क्लासेस रूटमध्ये तो आहे का बघा, आणि करंट यूजरमधल्या डिरेक्टरी \ शेलच्या डिफॉल्टमध्ये काही लिहिलेलं असेल तर ती व्हॅल्यू डिलीट करा, कारण दोन्हीकडे नोंद असेल तर विंडोज करंट यूजरची मानतं. पेन ड्राइव्ह डबल क्लिकने उघडत नसेल तर ड्राइव्ह \ शेलमध्ये हेच बघा.